फितवालीचा काना

ता. ४, मंगळवार

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद. रीत म्हणून लिहिलेत, आज मनातून निघत नाहीत. वि. वि.

मझ्या दारासमोर तुझ्या नकाशा कचेरीने पाटी ठोकली आहे. निळी, पांढऱ्या अक्षरांची, आणि बाण थेट मझ्या शिलाईच्या खोलीकडे. डावऱ्या दरोडेखोराच्या नावाच्या जागा लोकांना दाखवायच्या म्हणे. डावऱ्याची उडी, डावऱ्याची न्हाणी, टोपीफेक, त्यांच्याबद्दल मझं काही म्हणणं नाही. पण आपल्या कोपऱ्यावर लिहिलंय 'फितवलीचं वळण'. कोणी फितवली, आणि कोणाला?

लोकांना फिरवायला येतो तो माणूस मोठ्याने सांगतो, की शिपायांनी या घरातली बाई फितवली आणि तिने डावऱ्याला पकडून दिलं. परवा एकीने आईला विचारलं, तुम्ही त्यांच्याच वंशातल्या का, आणि उत्तराची वाट न बघता फोटो काढला. एक जण आपल्या उंबऱ्यावर थुंकला. बाकीचे हसले. मी हातातल्या कात्रीसकट बाहेर आले तेव्हा पांगले. तेव्हापासून आई पुढच्या खोलीत येत नाही. काज-बटणं मागे बसून करते, तिथे तिला धड दिसतही नाही.

आईची आजी फितवाली होती. व ला काना, इथे मी तो दोनदा गिरवलाय. फिती विकायची. पुलावर शिपाई असले की खिडकीत काळी फीत, रस्ता मोकळा असला की पांढरी. डावऱ्या तिच्या फितीवर जगला. कोणाच्या हाती लागला नाही, म्हातारा होऊन खोकल्याने मेला. तू लहानपणीच मामाकडे शिकायला गेलास, तुला हे कुठून कळणार. पण विचारायला तोंड होतं ना?

पाटी बदल. मग लोभाचं बघू.

तुझी थोरली बहीण

ता. ९, रविवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटले. आईला जपावे.

परंतु ताई, रागावू नकोस. जागांची जुनी नावे मी तुझ्याकडूनच मागवली होती. तुझ्या यादीची प्रत सोबत जोडली आहे. चौथ्या ओळीवर तुझ्याच अक्षरात 'फितवलीचं वळण' असे आहे. काना नाही. मी तुझे अक्षर न् अक्षर तसेच उतरवले. उलट साहेबांना मी सांगितले, की यादी आमच्या घरच्या माणसाची आहे, चूक असणार नाही.

नकाशे छापून झाले आहेत. दुरुस्ती पुढच्या छपाईत होते, तीन वर्षे तरी लागतील. तोवर पाटीकडे दुर्लक्ष करावे. लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. तुझ्या जिभेपुढे कोण टिकणार, हे आपले गमतीने.

कळावे, आईस शि. सा. न., तुझा लोभ कमी न व्हावा ही इच्छा.

धाकटा

ता. १२, बुधवार

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

कागद पाहिला. अक्षर माझंच. काना मीच खाल्ला. तिसरीतून उठवून मला मशीनवर बसवलं, तिथे काने शिकवत नाहीत. हे पत्र तीन वेळा वाचून एकेक काना घालून पाठवतेय, म्हणून अख्खी दुपार गेली आणि दोन पँटींच्या चेनी राहिल्या.

पण मला एक सांग. मी आयुष्यभर 'मझी' लिहिते आणि तू 'माझी' वाचतोस. तुझ्या लग्नाच्या वेळी मी लिहिलं होतं 'समान घेऊन येते', तर तू सामान उतरवायला हातगाडी घेऊन आलास. तीस वर्षं माझे काने तू मनातल्या मनात घालून वाचलेस. नेमका हाच घालायला तुझा हात का आखडला?

आईने विचारलं, असं कोणी लिहिलं. मी म्हटलं, कचेरीने. खोटं बोलले. रविवारी ये आणि तिच्यासमोर बस. नाही आलास तर पाटीचं काय करायचं ते मी करीन.

थोरली

ता. १४, शुक्रवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापासून लपवत नाही. वाचतानाच मला शंका आली होती. तुला विचारणार होतो. तेवढ्यात साहेब म्हणाले, अख्ख्या यादीत हेच नाव खरं, यात गोष्ट आहे, आणि शाबास म्हणाले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मी गप्प बसलो.

रविवारी तपासणी आहे, येणे जमत नाही. दुरुस्तीचा अर्ज आजच दिला आहे, पण त्यात कारण 'लेखनदोष' एवढेच लिहिले आहे. कृपा करून पाटीला हात लावू नकोस. तो गुन्हा होतो, आणि बहिणीने केला तर माझ्या नोकरीवर येईल.

असाच लोभ ठेव. तो ठेवण्याजोगा मी आज नाही, तरीही.

धाकटा

ता. २१, शुक्रवार

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. आज मनापासून, पण फुकट नाहीत. वि. वि.

जमत नाही म्हणालास, तरी तुझी रविवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग आईला खरं सांगितलं. काना मी खाल्ला आणि धाकट्याने खाऊ दिला. ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, तुम्ही दोघांनी मिळून माझ्या आजीला विकलंत. एवढंच. मला आजवर कोणी थोबाडीत मारलं नव्हतं, ते काम झालं.

सोमवारी सकाळी रंगाऱ्याकडून पांढरा रंग आणला आणि भर रस्त्यात स्टुलावर चढून व ला काना दिला. व आणि ली मध्ये जागा पुरत नव्हती, म्हणून तो वाकडा आलाय. स्टूल आईने धरलं होतं. फिरवणारा माणूस लोकांना घेऊन उभाच होता. त्याला म्हटलं, आता नीट वाच. त्याने वाचलं.

काल तुझ्या कचेरीचे दोन जण आले. कोणी केलं विचारलं. मी म्हटलं, मी. सही केली. आईनेही खाली अंगठा उठवला, कोणी मागितला नव्हता. पुढच्या गुरुवारी तुझ्या कचेरीत चौकशी आहे. ते म्हणाले, मूळ यादीत काना नाही, म्हणजे पाटी बरोबर आणि बाई चूक.

मूळ यादी तुझ्या कपाटात आहे. मी तुला ओळखते. आता मला वाचवायला तू हळूच तिच्यावर काना घालशील. ते करू नकोस. चूक माझी आहे ती माझ्या नावावर राहू दे. तू फक्त साहेबांसमोर उभा राहा आणि तोंडाने सांग, की मला शंका होती आणि मी गप्प बसलो. नोकरीचं काय ते होऊ दे, इथे दुसरं मशीन रिकामं आहे.

गुरुवारी आई आणि मी बाकावर बसलेल्या असू. तू कोणत्या बाजूने येऊन उभा राहतोस ते ती बघणार आहे.

कळावे, लोभ शुक्रवारी कळवते.

तुझी थोरली बहीण