डावा हात वर करू नये

१० मार्च २०२५, सोमवार. सकाळी ६
नवी वही. छातीत पेसमेकर बसून सहा दिवस झाले. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, पण सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि वजन उचलायचं नाही. मशीनची वायर हृदयात पक्की बसायला तेवढा वेळ लागतो म्हणे. डॉक्टर पस्तिशीचा. मी बत्तीस वर्षं हायस्कूलला पीटी शिकवली. शरीर म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

सहा आठवडे म्हणजे १५ एप्रिल. भैरोबाची जत्रा १२ एप्रिलला. तीन दिवस कमी पडतात. दवाखान्यात नुसता पडून होतो, ते तीन दिवस डबल धरायचे. जमलं.

संकल्प: जत्रेत काठी मीच उचलणार.

११ मार्च
काल लिहायचं राहिलं. काठी म्हणजे वीस फुटी वेळू, टोकाला पितळी कळस. देवळापासून बारवेपर्यंत न्यायची आणि तिथं दोन्ही हातांनी पाच वेळा उंच करायची. जमिनीला टेकू द्यायची नाही. मान आमच्या घराचा. वडिलांनंतर अठ्ठावीस वर्षं मी. मी नसलो तर चुलतभाऊ उत्तरेश्वर. तो दवाखान्यात दोनदा बघायला आला होता. लोक म्हणाले, केवढी माया. कशाची माया ते मला माहीत आहे.

१२ मार्च
पल्स ६०. मशीन ६० च्या खाली जाऊच देत नाही. ऑपरेशनच्या आधी ३२ होता, बांधावर चक्कर येऊन पडलो होतो. तो अध्याय संपला.

१४ मार्च
फाट्यापर्यंत चालायचं ठरवलं. चार किलोमीटर. निम्म्यात चहाचं हॉटेल लागतं, तिथं जुने विद्यार्थी बसलेले. बसावंच लागलं. येताना जीप मिळाली. नाही म्हटलं तर ड्रायव्हरला वाईट वाटलं असतं. एकूण चालणं चार किलोमीटर धरतो, कारण मन तयार होतं.

१७ मार्च
मथुरानं माझा डावा हात जुन्या ओढणीनं गळ्यात बांधून ठेवला आहे. झोपेत वर जातो म्हणे. बायकोच्या डोक्यात एकदा डॉक्टर शिरला की निघत नाही.

२० मार्च. सकाळी ७
मळ्यात स्प्रिंकलरचा जुना पाईप सापडला. वीस फूट. वजन काहीच नाही. यानं प्रॅक्टिस करायची. सुरुवातीला फक्त उजव्या हातानं.

सकाळी ७.१०
नुसत्या उजव्या हातानं तोल राहत नाही. डाव्याचा नुसता आधार दिला. आधार म्हणजे उचलणं नव्हे.

२४ मार्च
उत्तरेश्वर घरी आला. म्हणाला, दादा, यंदा काठी म्या धरतो, तुमी नुसता हात लावा, मान तुमचाच. मथुरा लगेच म्हणाली, भावजी म्हणतेत ते बराबर हाय. मी म्हणालो, अजून मेलो नाही. तो चहा पिऊन गेला. चेहरा इतका गरीब केला होता की संशय पक्का झाला.

३० मार्च. गुढीपाडवा
गुढी मीच उभारली. मथुरा आत पुरणाला बसली होती. दोन्ही हात वर. एकदम छान वाटलं. मग खांद्याच्या आत काहीतरी ओढल्यासारखं झालं. क्षणभरच. वर्षभराची गुढी असते, थोडं ओढणारच.

दुपारी उचकी लागली. कुणीतरी आठवण काढतंय. नावं घेत गेलो. उमरग्याच्या म्हाळसाक्काचं नाव घेतलं आणि थांबली. बहिणीची माया.

१ एप्रिल
पुन्हा उचकी. म्हाळसाक्काला फोन लावला, एवढी आठवण काढू नको म्हणून सांगायला. ती म्हणाली, आरं, म्या तर हळद शिजवायलेय सकाळधरनं, कुणाची आठवण आन् काय. वय झालंय तिचं. आठवण काढल्याचंही आठवत नाही.

२ एप्रिल
सून मोनिकाचा पुण्याहून फोन. पप्पा, चक्कर, धाप, उचकी, असलं काही होतंय का? दवाखान्याच्या फाईलच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय, लगेच दाखवायचं. चक्कर नाही म्हणालो. धाप नाही म्हणालो. उचकीचं सांगितलं नाही. आठवणीला कुणी आजार म्हणत नाही.

फाईलचं दुसरं पान वाचायचं आहे. चष्मा सापडला की वाचतो.

४ एप्रिल. पहाटे ५
उचकी आता ठेक्यात येते. घड्याळ लावून मोजली. मिनिटाला साठ. माणूस इतक्या टाईमात आठवण काढू शकत नाही. एकटा तर नाहीच. ९४ च्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पंचेचाळीस मुलं. त्यांचंच काम.

डाव्या कुशीवर झोपलं की जोर वाढतो. म्हणजे मुलं रात्रीही जागी असतात.

६ एप्रिल
ग्रुपवर लिहिलं, मुलांनो, सरांची आठवण काढता ते पोचतं. तिघांनी नमस्काराचा हात टाकला. एकानं विचारलं, कोणते सर.

७ एप्रिल
उचकी गेली. आपोआप. ग्रुपवर लिहिलं होतं ना? अंग मात्र जड आहे. जिन्याच्या पाच पायऱ्या चढून बसावं लागलं. दुपारचं ऊन. सकाळी चढलो होतो, पण उन्हाचा परिणाम आधीपासून सुरू होतो.

८ एप्रिल
पल्स ४४. घड्याळ पुढं पळतंय. सेल बदलायला पाहिजे.

९ एप्रिल
नवा सेल. पल्स ३८. मोठमोठ्या खेळाडूंचा पल्स चाळीसच असतो, हे मी दरवर्षी नववीला शिकवत होतो. प्रॅक्टिसचा गुण आला. मथुराला सांगितलं नाही, तिला खेळातलं कळत नाही.

मळ्यात पाईप उचलताना डोळ्यांपुढं पांढरं झालं. उठलो तेव्हा बांधावर आडवा होतो आणि सावली लिंबाच्या दुसऱ्या बाजूला गेली होती. झोप लागली असावी. शरीराला विश्रांतीही हवीच.

१० एप्रिल
मथुरानं माझ्या कपाळावरची माती पुसली आणि विचारलं, कुठं पडलात? पडलो नाही म्हणालो, वाकलो होतो.  मग म्हणाली, काठी न्हाय उचलली तर भैरोबा काय घरी येऊन भांडणार हाय व्हय? मला तुमी पायजेत. असं ती चाळीस वर्षांत कधी बोलली नव्हती. मला भीती वाटली. कशाची ते नक्की सांगता येत नाही.

उद्या सोलापूरला जाऊ असं ती म्हणाली. जत्रेनंतर जाऊ म्हणालो.

११ एप्रिल. संध्याकाळी
ओठ थोडे निळसर दिसतात. आरसा जुना आहे.

उत्तरेश्वरचा निरोप: दादा, उद्या म्या शेजारीच असंन. म्हणजे मी एक पाऊल चुकलो की काठी घ्यायला तयार. काठी सोडायची नाही. काही झालं तरी.

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी ६
पल्स मोजला नाही. आजच्या दिवशी अपशकुन नको.

१५ एप्रिल, मंगळवार. सोलापूर
आज सहा आठवडे पूर्ण झाले असते. १३ तारखेला पुन्हा ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वायर सुटून खाली सरकली होती, बहुतेक पाडव्यालाच. तिथं ती पोटाजवळच्या स्नायूला मिनिटाला साठ झटके देत होती, म्हणून उचकी. मग आणखी सरकली आणि काहीच करेना. आठवडाभर माझं हृदय आपल्याच जिवावर चाललं होतं. उचकी लागत होती का, असं त्यांनी विचारलं. मी छताकडे बघितलं. मथुरानं उत्तर दिलं. आता नवे सहा आठवडे, परवापासून धरून.

जत्रेतलं मला फक्त दोन वेळा उंच केलेलं आठवतं. बाकीचं मथुरानं सांगितलं. तिसऱ्या वेळेला काठी वर गेली आणि माझे गुडघे वाकले. मी बारवेच्या तोंडाशी उभा होतो. खाली तीस पायऱ्या, सगळ्या दगडी. काठी उत्तरेश्वरच्या खांद्यावर आली. त्यानं ती सोडून दिली आणि मला धरलं. दोघं तीन पायऱ्या घसरलो, त्याचा कोपर सोलून निघाला. काठी दगडावर आपटली, कळस वाकला. वडिलांच्या आधीपासून काठी कधी जमिनीला लागली नव्हती. हलगीसुद्धा थांबली म्हणे.

मी म्हणालो, मी त्याच्या जागी असतो तर काठी टेकू दिली नसती.

मथुरा डबा उघडत होती. थांबली. म्हणाली, म्हंजी भावजी पायरीवरनं खाली गेले असते, आन् तुमी काठी धरून हुबं ऱ्हायला असता?

नाही, असं लगेच म्हणायला हवं होतं. मी काठीचा विचार करत राहिलो. तिनं वाट पाहिली. मग दोन भाकरी आणि भाजी वेगळी काढली आणि दाराकडे निघाली. कुणाला, असं मी विचारलं. उत्तरेश्वरला म्हणाली. तीन दिवस तो बाहेरच्या बाकड्यावर आहे, औषधं आणतो, तिथंच झोपतो म्हणे. मग आत का येत नाही, मी विचारलं.

काठी पाडली म्हणून दादा रागवतील, असं म्हणतेत, ती म्हणाली आणि गेली.

रागावलोच असतो.