पेटीत गेलेली मोठी अक्षरं

सीडर फेरी, आयोवा
२ मार्च १८५६

ती. थर्झाताईस धाकट्या ऑरिनचा शि. सा. न. वि. वि.

छापखाना इथे छान रुळला. आधीच्या दोन गावांची आठवण काढू नकोस, तिथे वाचणारी माणसंच नव्हती. आता मी इथून हलत नाही. नदीवरचा बर्फ वितळला की इलेक्टाला आणि अमोसला पाठव. माझ्या वर्तमानपत्राचे अंक धाडतोच आहे. बायकोमुलाला सांभाळतेस, तशी माझ्यावरही माया असू दे.

ऑरिन

व्हरमाँट, ५ एप्रिल

चि. ऑरिनला थर्झाचे अनेक आशीर्वाद, आणि एक कानपिचकी.

इलेक्टानं गाय विकली, पलंग विकला. रोज सामान बांधते आणि सोडते. आणि तुझ्या ताज्या अंकात घोड्यांच्या लिलावाची जाहिरात उवेएवढ्या अक्षरांत, वर्तमानपत्राचं नावसुद्धा बारीक. अरे, वडिलांच्या छापखान्यात त्यांच्या हाताखाली छपाईचे खिळे जुळवायला मी तुझ्याआधी शिकले. गाव सोडायचं ठरलं की ते मोठी लाकडी अक्षरं आधी पेटीत भरायचे, त्यांच्यावाचून दोन-चार अंक निभतात म्हणून. तुझ्या पायाला भिंगरी आहे, पण इलेक्टाच्या कडेवर मूल आहे. कुठे निघालास ते खरं सांग. रागावले तरी तुझीच आहे.

थर्झा

सीडर फेरी, २० एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. पश्चिमेला नेब्रास्कात नवं गाव वसतंय, तिथे एकही छापखाना नाही. तेच डोक्यात घोळतं, जेवण गोड लागत नाही. एका गावात वर्ष झालं की माझा जीव घुसमटतो. इलेक्टाला हे सांगायची मला लाज वाटते. १७ मेला बैलगाड्या निघतील. तिला थांबव, थंडीआधी नक्की बोलावतो. एवढी एक वेळ सांभाळून घे.

ऑरिन

व्हरमाँट, १ मे

चि. ऑरिनला आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. इलेक्टा मंगळवारीच निघाली. बारीक अक्षरांचा तो अंक मी तिला दाखवला होता. ती म्हणाली, थांबायचा हा तिसरा उन्हाळा. नवऱ्याला जायचं तिथे जाऊ दे, ती दिलेल्या पत्त्यावरच जाणार. बायको घर सोडून गेली म्हणून नवरे वर्तमानपत्रात सूचना छापतात ना, तू नसलास तर तशीच ती नवरा पळाल्याची छापून आणणार आहे. ती शिकागोला मावशीकडे पंधरा दिवस थांबेल आणि २० तारखेच्या बोटीनं तुझ्या गावी उतरेल. मी तिला अडवलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. माझा लोभ आहेच, त्या दोघांचा तू सांभाळ.

अमोसला तुझा चेहरा आठवत नाही. निघताना त्यानं विचारलं, बाबांना ओळखायचं कसं. मी म्हणाले, धक्क्यावर जो थांबलेला असेल, तो.

थर्झा