बाबांच्या पानातली सुकडी

ती. बाबांना,
आयर्लंडमधल्या स्लायगोहून नंदिनीचा नमस्कार.

तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली, मग हे पत्र टाकू तरी कुठे? तरीही लिहितेय.

काल शेजारच्या कोरियन सो-बाईंकडे त्यांच्या आईचं श्राद्ध होतं. आपल्यासारखंच तेही गेलेल्या माणसासाठी जेवण मांडतात. मी विचारलं, "तुम्ही मला शिकवलेलं सुजेबी नाही केलं?" सुजेबी म्हणजे कणीक हातानं तोडून रश्श्यात शिजवायची, आपल्या वरणफळांसारखी.

त्या म्हणाल्या, "आई आम्हाला करून घालायची आणि स्वतःच्या वाडग्यातलंही आम्हालाच द्यायची. युद्धात मदतीच्या पिठाचं तेवढंच मिळायचं. पुढे तिला ते गिळवेना. तिला पांढरा भातच ठेवते."

मला एकदम तुम्ही आठवलात. तुमच्या वाटणीची गूळ-कणकेच्या सुकडीची वडी तुम्हीही आम्हालाच द्यायचात.

घरी येऊन आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडीच मिळायची. आमचा धाकटा भाऊ तीच मुठीत धरून गेला. दादानं पुन्हा तोंडाला लावली नाही."

आणि मला वाटायचं, आवडती वस्तू तुम्ही मायेनं आम्हाला देताय. म्हणून दर श्राद्धाला साजूक तुपातली सुकडी तुमच्या पानात वाढत आले.

माझ्या दारातून दरवेळी उपाशीच परत गेलात ना, बाबा?

आज तुमची तिथी. गुळाचा डबा स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला तसंच म्हणतात, परत ठेवलाय. मऊ भात लावलाय, वर दूध घालेन. जेवायला या.

तुमची,
नंदू