खान्देशातल्या सगळ्या मंगला

३ एप्रिल, गुरुवार
स्तंभ चारच्या आत दिला. विषय पुन्हा 'कॉलनी'. सलग तिसऱ्यांदा, पण काय करणार. इतकी चांगली मालिका बऱ्याच दिवसांनी लागलीय. पुण्याबाहेरची एक सोसायटी, चार बायका, प्रत्येकीने काहीतरी लपवलेलं. एकीचा नवरा 'दुबईला' आहे आणि खरं तर तो समोरच्या इमारतीत राहतो. मीनल भजनाला जाते म्हणून सांगते आणि पोहायला जाते. केस ओले का, तर म्हणे तीर्थ जास्त शिंपडलं. मी एकटीच घरात मोठ्याने हसले.

आज कचेरीत मात्र मालिकेपेक्षा त्या व्हॉइस नोटचीच चर्चा. कोणी एक बाई आदल्या दिवशीचा भाग दुसऱ्या दिवशी अहिराणीत सांगते आणि ती नोट धुळ्यापासून भुसावळपर्यंत फिरते. नाव नाही, गाव नाही. सुरुवात ठरलेली: "आयका वं बहिनीस्वन!" मग: "मीनल पुन्हा भजनले चालनी म्हने. भजन कशानं? पोहाले जास ती, पोहाले!" त्यातल्या सासूचा आवाज तर असा काढते की मूळ नटीने येऊन शिकावं.

संपादकांनी तीनदा ऐकली. म्हणाले, "ही कोण ते शोधा. पुढच्या शुक्रवारच्या पुरवणीत मुलाखत, फोटोसकट."
बरं म्हटलं. आयुष्यभर बरंच म्हणत आले.

५ एप्रिल, शनिवार


काल सकाळी उडदाचं पीठ भिजवायला घेतलं आणि पापडखार संपलेला. गच्चीवरून शेजारच्या गच्चीत हाक मारली. तिकडे मंगला, पाटलांची सून, ज्वारीचे बिबडे वाळत घालत होती. तिने पाठमोरीच हात वर केला, थांबा म्हणून. थोड्या वेळाने वाटी कठड्यावर आणून ठेवली. एवढंच.

काल संध्याकाळी आलेली नोट आज चहाबरोबर ऐकली. दुबईवाला नवरा दूध आणायला खाली उतरतो आणि बायकोच्याच मैत्रिणीला धडकतो, तो भाग. मी हसतेय, आणि मध्येच नोटेत माझाच आवाज. "मंगला, ए मंगला, पापडखार आहे का गं?"

मग क्षणभर शांतता, कावळ्याला हाकलल्याचा आवाज, आणि बाई पुढे सांगायला लागली.

मंगला! लग्न होऊन आली तेव्हापासून "हो अक्का" आणि "आणते अक्का" यापलीकडे तिचं तिसरं वाक्य मी ऐकलेलं नाही. अक्का म्हणजे तिची सासू. आता कळलं, नोटेतली सासू इतकी ओळखीची का वाटते. ती अक्काच आहे. शब्द, ठसका, वाक्य संपल्यावरची ती जिभेची टकटक, सगळं.

६ एप्रिल, रविवार
अक्का देवळात गेल्यावर मंगलाकडे गेले. फोन पुढे धरला. तिचा चेहरा पांढरा पडला.
"ताई, मी परत ऐकलंच नाही. बोलले आणि पाठवून दिलं."

सुरुवात साधी. तिची बहीण शिंदखेड्याकडे, ऑपरेशन होऊन पडलेली, घरात टीव्ही बिघडलेला. तिच्या करमणुकीसाठी मंगला भाग सांगायची. बहिणीने नणंदेला पाठवलं, नणंदेने बचत गटात टाकलं. पुढचं पुढे.

"अक्कांना कळलं तर?"
"गच्ची बंद होईल. फोन पण." मग फरशीकडे बघत म्हणाली, "ताई, दिवसभरात तेवढंच मी बोलते. बाकी सगळं उत्तर असतं."

हे वाक्य डोक्यातून जात नाही.
मी कोणाला सांगणार नाही, असं सांगून आले. संपादकांना काय सांगायचं ते चार दिवसांत सुचेल.

८ एप्रिल, मंगळवार
खान्देशातल्या सगळ्या मंगला संशयित झाल्यात. अमळनेरच्या एका मंगलाने 'ती बाई मी नाही' असं स्टेटस ठेवलं. चोपड्याच्या मंगलाच्या नवऱ्याने म्हणे दुकानात पेढे वाटून टाकले, घरी गेल्यावर कळलं की ही मालिका तिने बघितलेलीच नाही. आमच्या मागच्या गल्लीतल्या मंगलाकाकू, वय ऐंशीच्या पुढे, कानाने अधू. त्यांच्याही दाराशी दोन मुली सेल्फी काढून गेल्या.

आमच्या मंगलाकडे कोणी बघत नाही. "ती? छे. ती बोलते कुठे."

संपादक माझ्याकडे बघून म्हणाले, "ही हाक मारणारी बाई तुमच्यासारखी वाटते हो."
म्हटलं, "एप्रिलमध्ये जळगावातल्या सगळ्याच बायका पापडखार मागतात."
पटलं. कारण खरंच मागतात.

नोट मात्र शनिवारपासून आलेली नाही.

१० एप्रिल, गुरुवार
स्तंभ दिला, चारला पाच मिनिटं कमी. मुलाखत नाही. सं. फुरंगटून बसले, कारण दुसऱ्या पेपरात आज फोटो: नशिराबादची मंगला, शिवणकाम करते, गळ्यात हार, खाली 'हाच तो आवाज'. बाई फोटोत घाबरलेली दिसते. पण 'कॉलनी'वालीच म्हणून छापली.

संध्याकाळी अक्का फाटकाशी उभ्या. मला म्हणाल्या, "ती बाई आते काबर बोलत नही?"
मी कोणती बाई म्हणून विचारलं.
"अवं ती, मालिका सांगस ती! मनी आंडेर धाडस माले." म्हणजे मुलगी पाठवते. अक्का रोज ऐकतात! टीव्हीवरची मालिका निर्लज्ज आहे म्हणून बघत नाहीत, पण ही नोट चालते. वर म्हणाल्या, "त्यामा ती डोकरी एकलीच बराबर बोलस. बाकीन्या बठ्ठ्या येड्या शेतस."

मी घरात येऊन पलंगावर पडून हसले. अक्कांना अक्का पटल्या.
मंगलाला सांगितलं. ती हसली नाही. "आज पटतंय, ताई. कोणाची नक्कल आहे ते कळलं तर?"

१४ एप्रिल, सोमवार
धुळ्याच्या एका महिला मंडळाने नशिराबादच्या मंगलाचा सत्कार ठेवलाय. २० तारखेला, रविवारी. 'खान्देशचा आवाज' अशी पदवी. सं. म्हणाले, बातमीला तुम्हीच जा.

कंपाउंडच्या भिंतीशी मंगलाला सांगितलं. तिच्या हातात सूप होतं. ती धान्य पाखडत राहिली. बराच वेळ. मला वाटलं, तिला काही वाटलंच नाही.
मग म्हणाली, "ताई, ती माझ्या सासूचं बोलणं कुठून आणेल?"
तिने सूप खाली ठेवलं.
"मला यायचंय."
"येऊन काय करशील?"
"बघेन. माझ्या नावाने कोण कसं हार घालून घेतं, ते बघेन."

बहिणीला भेटायचं आहे, ताईंच्या सोबतीने जाते, असं घरी सांगायचं ठरलं. शरदभाऊंनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, लगेच हो म्हटलं. पाइपच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यांनी नीट ऐकलं असेल असं वाटत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार
घोटाळा. अक्का म्हणतात, "मी बी येस धुयाले." म्हणजे धुळ्याला. त्यांना सत्काराचं मुलीकडून कळलं. त्या बाईला डोळ्यांनी बघायचंय.
मंगलाने डोळ्यांनीच मला विचारलं, आता काय. मी म्हटलं, तू नको येऊस. पुढे कधीतरी.
"पुढे कधी?" ती म्हणाली.

२० एप्रिल, रविवार
धुळ्याहून परतले. जेवण नाही, आधी हे लिहिते.

एसटीत अक्का खिडकीशी, पारोळ्यापर्यंत डुलक्या. मंगला मधे. तिचे हात मांडीवर घट्ट, एखादं मडकं धरून बसावं तसे. मी पदराला घाम पुसत. हॉल गच्च भरलेला, पंखे फिरतायत पण वारा नाही. आम्ही तिघी चौथ्या ओळीत.

नशिराबादची मंगला व्यासपीठावर. हार, शाल, नारळ. अध्यक्षबाई म्हणाल्या, आता त्याच आवाजात दोन शब्द. टाळ्या. तिने माइक धरला. "आयका वं बहिनीस्वन..." आणि थांबली. पुन्हा, "आयका वं..." घसा खाकरला. कोणीतरी मागून ओरडलं, "सासू! सासूचं बोला!" तिने समोर असं बघितलं की मलाच तिची दया आली. ओळीओळीतून कुजबुज सुरू झाली.

आणि माझ्या शेजारी साडीची सळसळ. मंगला उभी राहिली होती. माइक नाही, काही नाही. सुरुवातीला आवाज चिरका आला. "मीनलनं बिंग फुटनं वं बहिनीस्वन. काल सासूले बठ्ठं कळनं." मग कंबरेवर हात, हनुवटी वर: "बठ्ठा गावले माहीत शे, फक्त माले नही? मंग मी आठे कसाले बसेल शे, हरभरा निवडाले?"

जिभेची टकटक.

सगळा हॉल एकदम हसला. खुर्च्या वळल्या. मी अक्कांकडे बघितलं नाही, धीर झाला नाही. मंगला थांबेना. राहिलेले सगळे भाग होते तिच्या पोटात साठलेले. दुबईवाला नवरा, पोहण्याचा पास, लॉकरची किल्ली. बायका डोळे पुसत होत्या. पुढच्या ओळीतली एक जण हसता हसता खुर्चीवरून अर्धी घसरली.

नशिराबादची खाली उतरून आली. हार काढला आणि हिच्या गळ्यात घातला. "बाई, घे तुझं तू. मी एकदाही हो म्हटलं नव्हतं गं, लोकच हार घेऊन आले. परवापासून जेवण जात नाही मला." दोघी हसायला लागल्या. मग अध्यक्षबाईंनी दोघींना वर नेलं, शाल एकीला, नारळ दुसरीला.

मी एवढे समारंभ केले बातमीसाठी. टाळ्या वाजवायला वही खाली ठेवली असं आज पहिल्यांदा.

परत येताना अक्का एरंडोलपर्यंत एक शब्द नाही. मग खिडकीबाहेर बघतच: "मी अशी बोलस?"
"हो अक्का."
"लोके हासनात."
अक्का मंगलाकडे वळल्या.
"मनावर हासनात का तुनावर?"
"दोघींवर," मंगला म्हणाली. हे उत्तर नव्हतं, बोलणं होतं. मला फरक ऐकू आला.


२१ एप्रिल, सोमवार
बातमी पहिल्या पानावर. देण्याआधी मंगलाला फोन केला, नाव छापू का? गच्चीवरूनच बोलत असावी, वारा ऐकू येत होता. म्हणाली, "छापा. पूर्ण छापा. मंगला पाटील. सौ. नको."
सं. मला म्हणाले, "म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं."
म्हटलं, "बातमी वेळेत मिळाली ना?"
त्यांनी चहा मागवला. दोन.

शरदभाऊंनी दुकानात पेपर काउंटरवर उघडा ठेवलाय, असं ऐकलं. घरी मात्र अक्का अजून गप्प. ना रागावल्या, ना गच्चीला कुलूप. मंगला म्हणते, "ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, ताई. कळलं असतं कुठे उभी आहे ते." चार दिशांनी फोन येतायत, पुढची नोट कधी? ती सगळ्यांना एकच सांगते: बघू.

२४ एप्रिल, गुरुवार
दुपारी 'कॉलनी'चा कालचा भाग पुन्हा लागतो. कचेरीत जायच्या आधी मंगलाकडे डोकावले. अक्का टीव्हीसमोर बसलेल्या. पहिल्यांदाच. मंगला दाराशी उभी, हात पिठाचे. मला बघून खांदे उडवले.

अक्कांनी सगळा भाग पाहिला. जाहिरातींसकट. मालिकेतली सासू मीनलवर ओरडायची वेळ आली आणि ती नटी नाजूक आवाजात रडायलाच लागली. अक्का तुच्छतेने म्हणाल्या, "हाई कसानी सासू वं? रडस काय! तू सांगस ती खरी."

मंगला हात धुऊन आली. फोन उचलला आणि जिन्याकडे वळली.
"कथा जास?" अक्का.
"वर."
"आठेच बस."

मंगला उभीच. अक्कांनी रिमोटने आवाज बंद केला आणि तिच्याकडे बघत राहिल्या. शेवटी ती बसली, अक्कांसमोर, जमिनीवर. फोन मांडीवर.

मला चारच्या आत मजकूर द्यायचा होता, निघाले. फाटक लावताना आतून दोघींचे आवाज येत होते, एकमेकींत मिसळलेले, चढे. भांडण की तालीम, कळलं नाही.