दोनशे चौदा व्होल्ट

आई,

त्र्यंबकच्या एसटी स्टँडवर बसलेय. मांडीवर पिशवी, पिशवीत तू दिलेला पिवळा मीटर. तू जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून एका जागी टिकत नाही, हे तुला कोणी सांगितलं नसेल तर मीच सांगते. आयटीआय अर्धवट सोडलं. मग सटाण्याला एका कांद्याच्या चाळीत पंखे जोडले, नाशिक रोडला मिक्सर दुरुस्त केले. तिथला मालक बरा होता, पण दिवसभर एकच गाणं लावायचा, म्हणून तेही सोडलं. ते असो. आज पहाटे इथल्या एका लॉजवर गिझरचं काम केलं, आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

लॉजमालकाचा काल फोन आला होता. "पहाटे यात्रेकरूंना कोमट पाणी मिळतंय आणि मला गरम शिव्या." पोचले तर दारातच विचारतो, "ताई, लाइनमन कधी येणार?" म्हटलं, "आलाय. त्याला आधी चहा लागतो." हसला बिचारा. सगळ्या खोल्यांचे गिझर एकदम चालू होते. मी एका गिझरचे व्होल्ट पाहिले, एकशे साठ. मग वायरीला चिमट्यासारखा धरणारा टाँग टेस्टर लावला, सहा अँपिअर. आणि तुझ्यासारखंच तळहातावर पेनानं मांडायला लागले.

"व्होल्टला अँपिअरनं भाग, तारेचा हट्ट कळतो. गुणलंस की तिची ताकद कळते." तू हे कणीक मळता मळता म्हणायचीस. आपलं दुकान म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. एका टोकाला पोळ्या, दुसऱ्या टोकाला कॉलनीभरच्या इस्त्र्या. एकशे साठ भागिले सहा, साधारण सत्तावीस ओहम. म्हणजे कॉइल ठणठणीत. एकशे साठ गुणिले सहा, नऊशे साठ वॅट. गिझरवर छापलेत दोन हजार. कॉइलचा दोषच नाही, व्होल्टच कमी येतायत. मालकाला सांगितलं तर म्हणाला, "दोष कुणाचाही असो ताई, पाणी तापलं पाहिजे. या एका खोलीत करून दाखवा." पिशवीत अठरा ओहमची मोठी कॉइल होती, हट्ट कमी, ताकद जास्त, ती बसवली. त्याच एकशे साठवर चौदाशे वॅट. पाण्याला वाफ आली, मालक खूश, वरून हातावर पेढा. आणि मी निघाले.

निघाले ती इथं येऊन बसले, आणि तू आठवलीस. मी आठवीत असेन. ओट्यावर आपली विजेची शेगडी आहे, तू म्हणतेस, मोज आणि वहीत लिही. मी अँपिअर मोजते, चार. व्होल्टच्या जागी सरळ दोनशे तीस लिहिते, कारण खिडकीखाली मांजरीनं पिल्लं घातलीयत आणि मला तिकडं पळायचंय. तू वही बघतेस. रागावलीस की तुझ्या तोंडी माहेरची बोली यायची. "तुनं ध्यान कोठे शे?" मग आवाज खाली आणून म्हणालीस, "दोनशे तीस पुस्तकात असतात. भिंतीत किती आहेत ते भिंतीलाच विचारायचं. आणि दोनदा विचारायचं. सगळ्यांचं चालू असताना एकदा, सगळ्यांचं बंद असताना एकदा."

पुढच्या रविवारी वहीत दोनशे चौदा दिसले तेव्हा तुझा चेहरा असा काही खुलला! चार अँपिअर, साडेत्रेपन्न ओहम, आठशे छप्पन वॅट. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलंस, "बघा, दोनशे चौदा! मोजायला लागली माझी पोर." त्याच आठवड्यात हा मीटर आणलास.

आज मी एकदाच विचारलंय, आई. सगळ्यांचं चालू असताना. दुपारी गिझर बंद झाले की व्होल्ट वर चढणार. कॉइल अठरा ओहमचीच राहणार, आणि भिंतीतली वायर जुनी, बारीक, तेवढी वीज सोसणारी नाही. त्या खोलीत कोणीतरी उतरलं असेल.

बस लागली. कंडक्टर विचारतोय, "ताई, येताय की पत्र पुरं करताय?"

नाही गेले. आता लॉजच्या जिन्यात बसून लिहितेय. त्या खोलीत एक आजी होत्या, गुडघे शेकायला म्हणून त्यांनी भरदुपारी गिझर लावला होता. स्विचला हात लावला तर चटका बसला, प्लगच्या कडा पिवळ्या पडलेल्या. दोनशे चाळीस व्होल्ट. तेरा अँपिअरच्या वर. त्या बारीक वायरीतून जवळजवळ बत्तीसशे वॅट चालले होते. मी बंद केला.

"अगं बाई, आत्ता कुठं छान तापलंय, आणि तू बंद करतेस?"

"आजी, पाण्याआधी भिंत तापलीय."

मालकाला सांगितलं, चूक माझी. जुनी कॉइल परत बसवली, प्लग बदलून दिला.

"म्हणजे पहाटे पुन्हा कोमट?"

"कोमट. वायरिंग बदला, नाहीतर गिझर पाळीपाळीनं लावा."

"लाइनमनच बोलवायला हवा होता," तो पुटपुटला. पेढा परत मागितला नाही, नाहीतरी मी तो खाल्ला होता.

 हे सगळं ओट्यावरच्या त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय, ती मी जाईन तिथं बरोबर नेते. वहीच्या सुरुवातीच्या पानावर ते दोनशे चौदा अजून आहेत, त्यापुढं तुझी लाल पेनाची बरोबरची खूण. हे पान फाडून कुठं पाठवायचं? राहू दे वहीतच, त्या खुणेच्या पाठीमागं.

ते दोनशे चौदा मी मोजले नव्हते, आई. दोनशे तीस लिहिले की ओरडतेस, म्हणून मनानेच एक आकडा घातला. त्या रविवारी पिल्लांचे डोळे उघडले होते.