रिंगवाला गावी निघाला

भाईंदर पूर्व

ती. आईस,
रोशनचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतंय.

आमच्या गाळ्यात नवा स्टीलचा डबा होतोय. आडवा पडला तरी आमटी सांडणार नाही, असं झाकण मी शोधून काढलंय. पण पत्रा शेजारच्या गाळ्यात दाबतात, पॉलिश पलीकडे होतं आणि झाकणातली रबराची रिंग हरिश्चंद्र बनवतो. तो शिमग्याला निघाला, तसं सगळ्यांचंच काम थांबलं.

व्यापारी डबा बघायला येणार म्हणून मी सुट्टी घेतली नाही. रिंगवालाही आपल्याकडचाच, तोही पालखीला जाणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता व्यापारी कधीही येईल, म्हणून निघता येत नाही. बिनरिंगेची झाकणं पुसत बसलोय.

तुझा गुडघा कसा आहे? पालखी यायची म्हणून अंगण सारवलंस का? एकटी वाकत बसू नकोस.

हे पत्र घेऊन आलाय तोच हरिश्चंद्र. त्याला रिंगांचं काही बोलू नकोस, नाहीतर बिचारा लवकर परत फिरेल. पोटभर जेवायला घाल. आणि पालखी आपल्या अंगणात आली की त्याला म्हणावं, रोशनच्या वाटणीची तूच नाचव.

तुझा,
रोशन