पंच नंबर एक

२ फेब्रुवारी १९५३, सोमवार
समन्स आलं. कोर्टाचा शिपाई दुकानात शिरला तेव्हा मी भाड्याच्या पेट्रोमॅक्सला पंप मारत होतो. हात थांबला तो थांबलाच. मॅण्टल फुटलं. गिऱ्हाइकाला हसून म्हणालो, कोर्टाला माझं काम पडलंय. हसताना दात वाजत होते. थंडी आहे.
सतरा तारखेला सकाळी अकरा वाजता साक्ष. गोमा कातकऱ्यावर दारूबंदीचा खटला. मी पंच नंबर एक. घाबरलेलो नाही. जेवण गेलं नाही ते वांग्यामुळे.

३ फेब्रुवारी
शांतपणे आठवलं. नोव्हेंबरात काशीराम हवालदार दुकानात आला. सुकापूरच्या वाटेवर गोमाच्या झोपडीत दारू सापडली म्हणाला, पंचनाम्यावर दोन प्रतिष्ठित माणसांच्या सह्या हव्यात. प्रतिष्ठित म्हटल्यावर पेन मीच काढलं. कागद वाचला नाही. वाचायचा म्हणजे हवालदारावर अविश्वास दाखवायचा. शेजारच्या आनंदा शिंप्याने दुसरी सही केली, त्याने तर मशीनवरचा पायसुद्धा काढला नाही. झोपडी आम्ही दोघांनीही पाहिलेली नाही.
पण एवढ्या उन्हातून जाऊन पाहतं कोण?

५ फेब्रुवारी
हवालदाराने नक्कल वाचायला दिली. पंचनाम्यात मी फारच काम केलंय. कुडाच्या भिंतीमागचं मडकं 'समक्ष पाहिलं', आत दोन शेर गावठी दारू असल्याची 'वास घेऊन खात्री केली'. तपकिरीपायी मला सहा वर्षं वास येत नाही. दूध करपलं तरी बायकोने सांगावं लागतं.
हवालदार म्हणाला, कागदात आहे तसं बोला, बळीरामशेठ, घाबरायचं काय त्यात? मी म्हटलं, घाबरतो कोण? घरी येऊन तासभर पडून राहिलो. तपकीर आजपासून बंद.

६ फेब्रुवारी
तपकीर अचानक सोडणं प्रकृतीला बरं नसतं.

८ फेब्रुवारी, रविवार
गोमाची बायको शुक्री मागच्या दारी आली. मी माळ्यावर होतो. काम होतं माळ्यावर. तिचं बोलणं बायकोने, दमयंतीने, वर येऊन सांगितलं. शुक्री म्हणाली, शेट आमचे घरी आलेच नाय, तेवढं सायबाला बोलाया सांगा. मडकं त्यांचं नाही. होळीनंतर कोळशाच्या भट्टीवर जायचंय, आणि तिथे मुकादम जोडी घेतो, एकट्या बाईला घेत नाही. गोमा तीन महिने आत गेला तर खायचं काय?
दमयंती म्हणाली, तुम्ही गेला नव्हता ना, मग सांगून टाका. बायकांना कायदा कळत नाही.
दुपारभर चैन पडलं नाही. त्या बाईचं वाईट वाटलं, हे खरं आहे.

१० फेब्रुवारी
निश्चय! खरं तेच सांगणार. हवालदाराची भीडभाड नाही. पहिला प्रश्न आला की चष्मा काढायचा, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "रावसाहेब, मी तिथे गेलोच नव्हतो." आरशासमोर रिहर्सल केली. आवाज उत्तम. दमयंतीला मॅजिस्ट्रेटच्या जागी पाटावर बसवून पुन्हा केली. तिने नुसतं वर पाहिलं आणि मी म्हणालो, हो साहेब. माणसासमोर करायची ही पहिलीच वेळ होती.

१३ फेब्रुवारी
आनंदा शिंपी कुणा वकिलाच्या कारकुनाला भेटून आला. म्हणाला, सही एक आणि साक्ष दुसरी, तर सात वर्षं. मी विचारलं, आणि न पाहिलेलं पाहिलं म्हटलं तर? म्हणाला, त्यालाही सात वर्षं, पण ते कुणी विचारत नाही.
दिवसभरात नऊ वेळा परसाकडे.

१५ फेब्रुवारी
आनंदा पेणला बहिणीकडे गेला. दुकानाला कुलूप. भित्रा माणूस. मीही मामेभावाकडे जाण्याचा विचार केला होता, पण तो तत्त्वाचा प्रश्न होता. शिवाय मामेभावाने कळवलं की घरात गोवर आहे.
निश्चय कायम. मात्र पंचनामाही पाठ करून ठेवला. दोन्ही बाजूंनी तयार असलेलं बरं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ६
स्वच्छ धोतर, काळा कोट. खरं सांगणार. कोटाची बटणं चुकीच्या काजात गेली ती अंधारामुळे.

सकाळी १०-३०
कोर्टाच्या ओट्यावर बसून लिहितोय. गोमा पलीकडे उकिडवा बसलाय. त्याने मला पाहून हात जोडले. मी चष्मा पुसला. हवालदार जवळ येऊन पाठीवर हात ठेवून गेला. हात तसा हलकाच होता.

संध्याकाळी ६
झालं.
शपथ घेतली. नाव, वय सांगितलं. सही तुमची का? हो. इथे चष्मा काढायचा होता. काढला. काढल्यावर मॅजिस्ट्रेट दिसेनात, नुसती काळी आकृती दिसायला लागली, म्हणून घाईने परत घातला आणि तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. झोपडीत समक्ष गेलात? हो. मडकं पाहिलंत? हो. वास घेतलात? हो. कसा होता? आंबट, म्हणालो, आणि उग्र. उग्र पंचनाम्यात नव्हतं. ते मी पदरचं घातलं.
गोमाला वकील नव्हता. मॅजिस्ट्रेटनी त्यालाच विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचंय? तेव्हा मी देवाचा धावा केला. विचार बाबा, एक प्रश्न विचार, मी सगळं सांगून टाकतो. गोमाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "शेट मोठा माणूस हाय. तेनी पायलं बोलतान तं आसंल. मी तवा कामाला गेलतू, मना काय म्हाईत?"
मॅजिस्ट्रेट म्हणाले, साक्षीदार असा स्पष्ट हवा. तीन महिने.
बाहेर शुक्रीने मला गाठलं. मला वाटलं, शिव्या देईल. तिने पदर सावरला आणि हलक्या आवाजात विचारलं, शेट, त्याला आता कुठं नेतान? तुमाला म्हाईत आसंल.
मी म्हणालो, मला माहीत नाही.
नाव, वय आणि सही सोडली तर आज मी बोललेलं एवढंच खरं.